टिटवीची अंडी आणि हवालदारावरचा आळ

“हलू नकोस! उचललेला पाय तसाच वर धर!”

दुर्बीण इतक्या जोरात ओरडली, की भोंगा खरोखरच एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला.

“अगं, पण किती वेळ?” तो डुगडुगत म्हणाला. “मी पडलो तर सरळ घरट्यावरच पडेन!”

“नाकासमोर काठी रोवलेली आहे. काठी म्हणजे घरटं, हे कालपासून दहादा सांगितलं तुला!”

“मी काठी बघत नव्हतो. मी पाव खात होतो!”

ठिणगीला हसू आवरेना. तिने भोंग्याला दंडाला धरून मागे ओढले आणि मग कुठे त्याचा दुसरा पाय जमिनीला लागला.

ठिणगी आणि भोंगा ही सख्खी भावंडे. सुट्टी लागली रे लागली, की दोघांची स्वारी डोंगरमाथ्यावर आत्याच्या मेंढ्यांच्या शेतावर येऊन थडकायची. ठिणगी बारा वर्षांची. चटकन पेटायची, म्हणून ठिणगी. भोंगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि त्याला हे नाव का पडले ते त्याने तोंड उघडले की कळायचे. दुर्बीण ही आत्याची मुलगी. जाड भिंगांच्या चष्म्यातून तिला जे दिसायचे, ते बाकीच्यांना बोट धरून दाखवले तरी दिसायचे नाही.

यंदा आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तिघांवर एक कामगिरी सोपवली होती. वरच्या कुरणात टिटव्यांनी पाच ठिकाणी अंडी घातली होती. रोज सकाळी जाऊन ती सुखरूप आहेत की नाहीत, ते लांबूनच बघून यायचे. टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. जमिनीत पायाने बशीएवढा खळगा उकरायचा, त्यात चार काड्या टाकायच्या, झाले घर! अंडीही अशी मातकट आणि काळ्या ठिपक्यांची, की समोर असून ढेकळांत हरवून जावीत.

दुर्बिणीने मान उंच करून काठीच्या बुडाशी पाहिले. मग ती पुढे गेली, खाली वाकली आणि तिचा आवाजच बदलला.

“अंडी नाहीत.”

“म्हणजे? काल चार होती!”

“काल होती. आज एकही नाही.”

तेवढ्यात उतारावरून शेपूट हलवत हवालदार आला. हवालदार म्हणजे शेतावरचा कुत्रा. अंगाने काळाभोर, गळ्याभोवती पांढरे केस, आणि दिवसभर कुंपणाच्या कडेने गस्त. आज मात्र त्याच्या काळ्या नाकाडावर काहीतरी पिवळे चिकटलेले होते.

“हवालदार, हे काय रे?” ठिणगी कुजबुजली.

“अंड्याचा बलक आहे तो!” मागून जाड आवाज आला. “सापडला चोर!”

दगडी भिंतीपलीकडे ट्रॅक्टरमामा उभे होते आणि त्यांच्या शेजारी आतोबा. थंडीत कुरणाची जमीन फुगते, खालचे दगड वर येतात. ते दाबून बसवले नाहीत तर पुढे गवत कापताना यंत्राची पाती तुटतात. म्हणून दरवर्षी ट्रॅक्टरमामा खालच्या गावातून येऊन कुरणावर लोखंडी रूळ फिरवून देत. आज ते फक्त जमीन बघायला आले होते.

“बघा साहेब,” ट्रॅक्टरमामा म्हणाले, “मी नवा उंच ट्रॅक्टर घेतला. तेवढ्या उंचावरून मला तुमचे ते दरवर्षीचे खुणेचे दगड दिसायचे नाहीत. तुम्ही बिचाऱ्यांनी घरट्याघरट्यापाशी काठ्या रोवल्या. मी आपला जिवाचा आटापिटा करून काठ्या चुकवणार, आणि तुमचाच कुत्रा अंड्यांवर ताव मारणार!”

आतोबांचा चेहरा उतरला. त्यांनी हवालदाराचे नाकाड बोटाने पुसले, बोट पाहिले आणि विजारीला पुसून टाकले.

“आतोबा, तो असं करणारच नाही!” ठिणगी पेटली.

“मलाही खरं वाटत नाही गं,” आतोबा हळूच म्हणाले. “पण डोळ्यांनी बघतोय. ज्या वर्षी अळ्यांनी गवताची मुळं कुरतडली होती ना, त्या वर्षी या पाखरांनी कुरण वाचवलं. आसपासची कुरणं पिवळी पडली. आपलं हिरवं राहिलं, कारण टिटव्यांनी अळ्या वेचून खाल्ल्या. तेव्हापासून मी मनाशी ठरवलंय, या कुरणात पहिला हक्क त्यांचा. अंड्यांची चटक लागलेला कुत्रा इथे ठेवता यायचा नाही मला.”

“मग कुठे ठेवणार?”

“शहरात माझ्या भावाची लाकडाची वखार आहे. त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे. लोकरीचा ट्रक पुढच्या आठवड्यात खाली जाईल, त्यातून पाठवू.”

“वखारीत? साखळीने बांधून?”

आतोबांनी हवालदाराच्या डोक्यावरून हात फिरवला.

ठिणगीने हवालदाराला जवळ ओढले. गेल्या सुट्टीत ती धुक्यात वाट चुकली होती. हाताला हात दिसत नव्हता, आणि पाऊलभर पुढे दरी आहे की वाट आहे, तेही कळत नव्हते. तेव्हा हवालदार आला, तिच्या बाहीला दात लावले आणि ओढत ओढत तिला आत्याच्या दारात आणून सोडले. ते ऋण तिने कुणाजवळ बोलून दाखवले नव्हते. पण विसरलीही नव्हती.

“आपण खरा चोर शोधायचा,” दोघांना बाजूला घेऊन ती म्हणाली. “ट्रक जायच्या आत!”

“सोप्पं आहे!” भोंगा म्हणाला. “हवालदाराला कोठीत बांधून ठेवायचं. तो बांधलेला असताना अंडी गेली, की तो सुटला!”

भोंग्याच्या डोक्यातून इतकी चांगली कल्पना निघाली, याचे दुर्बिणीला इतके आश्चर्य वाटले, की ती त्याला चिडवायचेही विसरली. आतोबांनीही लगेच होकार दिला. संध्याकाळी हवालदाराला कोठीत दोरीने बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन घरटी रिकामी!

“वाचला!” ठिणगी नाचतच कोठीकडे धावली. बघते तर काय, दोरी खाली पडलेली आणि भोंगा हवालदाराच्या गळ्यात हात टाकून बसलेला.

“सकाळी जरासा फिरवून आणला त्याला,” भोंगा कानकोंडा होऊन म्हणाला. “फार कण्हत होता गं. वरच्या भिंतीपर्यंतच नेला. तिथून जरा सुटला हातातून. पण लगेच आला हं परत!”

ठिणगीने कपाळावर हात मारला. “अरे भोंग्या! तू त्याच्यावर दया केलीस की सूड उगवलास?”

भोंग्याचे डोळे भरून आले, तेव्हा मात्र तिला राग आवरता घ्यावा लागला. हवालदार दोघांच्या मध्ये बसून आळीपाळीने दोघांचेही हात चाटत होता. जणू भांडण दुसऱ्याच कुणावरून चाललेय!

“पुरे झालं,” दुर्बीण चष्मा पुसत म्हणाली. “आता अंदाज नकोत. डोळ्यांनी बघायचं. चला भिंतीमागे.”

हवालदाराला पुन्हा कोठीत बांधून तिघे दगडी भिंतीमागे पालथे पडले. भिंतीत एक दगड निसटून फट पडली होती, तिथे आळीपाळीने डोळा लावायचा. दमट गवताने कोपरे भिजली. भोंग्याचे पोट गुरगुरले.

“हा आवाज ऐकून चोर पळेल!” दुर्बीण पुटपुटली.

“पोटाला गप्प बसवायचं बटण नसतं,” भोंगा त्याच्या मानाने फारच हळू बोलला.

इतक्यात ठिणगीने दोघांना चिमटा काढला. एक कावळा आला होता. त्याने कुरणावर एक फेरी मारली आणि तो थेट काठीच्या टोकावर येऊन बसला. मान तिरकी करून खाली पाहिले. ते आधीच रिकामे झालेले घरटे होते. कावळा उडाला आणि पुढच्या काठीवर बसला. तिथे मात्र टिटवी अंडी उबवत होती!

“टिटीव! टिटीव! टिटीव!” करत टिटवी उठली. तिचा जोडीदारही धावून आला. दोघांनी कावळ्याच्या डोक्यावर झेपा घेऊन कुरण डोक्यावर घेतले. तो आरडाओरडा कोठीपर्यंत पोहोचला असावा. भुंकण्याचा आवाज आला, आणि दोरी तोडून हवालदार बाणासारखा वर आला. तो घरट्याकडे गेलाच नाही. कावळ्याच्या मागे धावला! कावळा काव काव करत भिंतीपलीकडे पसार झाला.

“बघितलंत?” ठिणगी म्हणाली. “हा चोर नाही, राखणदार आहे! याला येताना बघून कावळा चोचीतलं अंडं टाकून पळत असणार. त्याच अंड्याला हा नाक लावून बघतो!”

तिघे धापा टाकत घरी आले आणि एकाच वेळी बोलू लागले. आत्याने कणीक मळता मळता थांबून, “एकेक बोला रे!” म्हणून दटावले. आतोबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. पण मान मात्र हलवली नाही.

“कावळे अंडी खातात, हे मलाही माहीत आहे,” ते म्हणाले. “पण कावळे काय आज आले? माझ्या लहानपणापासून आहेत. इतकी वर्षं त्यांना फार तर एखादं घरटं सापडायचं. यंदाच त्यांना एकामागून एक घरटी कशी सापडायला लागली? याचं उत्तर द्या, मी हवालदाराला सोडतो.”

तिघे अंगणात येऊन बसले.

“यंदा काय वेगळं आहे?” ठिणगी स्वतःशीच म्हणाली. “कुरण तेच, कावळे तेच...”

“ट्रॅक्टर नवा आहे,” भोंगा म्हणाला.

“ट्रॅक्टर अजून कुरणात आलाय कुठे? नुसत्या काठ्या...”

ठिणगी आणि दुर्बिणीने एकमेकींकडे पाहिले.

“काठ्या!” दोघी एकदमच ओरडल्या.

“कावळा आधी काठीवर बसला, मग खाली बघितलं!” दुर्बीण म्हणाली. “एका काठीखाली अंडी मिळाली, की पुढची काठी दिसल्यावर तो काय समजणार?”

“पण आतोबांना पटायला हवं,” ठिणगी म्हणाली. “डोळ्यांनी दिसल्याशिवाय मोठ्या माणसांना पटत नाही. आपण उरलेल्या दोन घरट्यांपाशी काठ्या आहेत ना, त्या उपटून भलतीकडेच रोवू, जिथे अंडी नाहीत तिथे. उद्या सकाळी आतोबांना भिंतीमागे बसवू. कावळा काठीच्याच मागे गेला, तर उत्तर मिळालं!”

“पण ट्रॅक्टर?” भोंग्याने विचारले.

“ट्रॅक्टर सोमवारी यायचाय. उद्या शनिवार!”

दुपारीच त्यांनी ते काम उरकले. काठ्यांच्या नव्या जागा घरट्यांपासून चांगल्या लांब, कुरणाच्या दुसऱ्या टोकाला. टिटवी परत येऊन अंड्यांवर बसली, हे बघूनच तिघे खाली आले.

शनिवारी सकाळी तिघे दूध पीत होते, आणि बाहेर धडधड आवाज आला. भोंग्याने कान टवकारले.

“आत्या, ट्रॅक्टर?”

“हो रे. उद्यापासून पाऊस म्हणतात. म्हणून यांनी आजच बोलावलं. तो बघ, वर चढलासुद्धा.”

ठिणगीच्या हातातला पेला टेबलावर आदळला. ती दाराबाहेर पडली आणि जिवाच्या आकांताने चढ चढू लागली. मागून दोघे. काठ्या आता भलतीकडे होत्या. खरी घरटी उघड्या कुरणात, विनाखुणेची!

ती वर पोहोचली, तेव्हा रुळाचा एक पट्टा पूर्ण झाला होता. ट्रॅक्टरमामा मोठ्या काळजीने, रिकाम्या जागेतल्या काठीला वळसा घालून, सरळ टिटवीच्या दिशेने येत होते. लोखंडी रुळाखाली दगड कडाकडा जमिनीत रुतत होते. टिटवी उठत नव्हती. मान ताठ करून अंड्यांवर बसून होती.

“भोंग्या, तू त्या घरट्यापुढे! मी इथे!”

ठिणगी घरट्याच्या बरीच अलीकडे, ट्रॅक्टरच्या वाटेत, दोन्ही हात पसरून उभी राहिली. पलीकडे भोंगाही तसाच उभा राहिला. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग करकचून ब्रेक लागला आणि धडधड थांबली.

“काय गं, वेड लागलं का?” ट्रॅक्टरमामा वरून ओरडले. “मी काठ्या चुकवतोय ना?”

“काठ्या खोट्या आहेत, मामा! घरटं माझ्या मागे आहे!”

ट्रॅक्टरमामा खाली उतरले. ठिणगीने दाखवले, तेव्हा कुठे त्यांना ती दिसली. गवताच्या रंगाची, मान ताठ केलेली, एवढीशी टिटवी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तळव्याने घाम पुसला. रूळ तिथून फार लांब नव्हता.

आतोबाही धावत येऊन पोहोचले. “काठ्या कोणी हलवल्या?” त्यांचा आवाज चढला होता.

“मी,” ठिणगी म्हणाली. “शिक्षा काय द्यायची ती नंतर द्या, आतोबा. आधी सगळे भिंतीमागे चला. आणि हवालदाराला तुम्ही स्वतः धरून ठेवा. तुम्ही प्रश्न विचारला होतात ना, त्याचं उत्तर आता येईल.”

तिच्या बोलण्यात असे काही होते, की आतोबा मुकाट्याने भिंतीमागे जाऊन बसले. त्यांच्या मुठीत हवालदाराच्या गळ्यातला पट्टा. ट्रॅक्टरमामाही गुडघे दुमडून बसले.

“मी लहानपणी लपाछपी खेळलो, त्यानंतर आजच!” ते पुटपुटले.

“मामा, डोकं खाली! तुमचं डोकं भिंतीपेक्षा उंच आहे!” भोंग्याने त्यांना दटावले.

बराच वेळ गेला. मग कावळा आला. त्याने कुरणावर फेरी मारली आणि तो थेट काठीवर उतरला, त्याच काठीवर, जिथे घरटे नव्हतेच! खाली उडी मारली. काठीभोवती गोल गोल चालला. गवत चोचीने उलथले. काही नाही. पुन्हा काठीवर बसून विचारात पडला आणि उडून दुसऱ्या खोट्या काठीवर गेला. तिथेही तोच प्रकार. ज्या टिटव्या खऱ्या अंड्यांवर बसल्या होत्या, त्यांच्यावरून तो दोनदा उडाला. खाली मात्र पाहिलेही नाही.

“अरे, हा तर पाट्या वाचतोय!” ट्रॅक्टरमामांच्या तोंडून निघाले.

आतोबांनी मुठीतला पट्टा सोडला. हवालदार सुटला तो सरळ कावळ्यावर. टिटवीच्या अगदी जवळून गेला, पण तिच्याकडे ढुंकूनही बघितले नाही. कावळा निघून गेल्यावर तो परत आला आणि आतोबांच्या पायाशी बसला.

“म्हणजे मीच,” आतोबा एकेक शब्द तोडत म्हणाले, “मीच कावळ्यांसाठी खानावळीच्या पाट्या लावून ठेवल्या! आणि पकडून बसलो याला.”

ते खाली बसले. हवालदाराचे डोके दोन्ही हातांत धरले.

“चुकलो रे बाबा,” ते म्हणाले. “तू माझ्या पाखरांना राखत होतास, आणि मी तुलाच घालवायला निघालो होतो.”

हवालदाराने त्यांचे तोंड एका दमात चाटून टाकले. त्याच्या लेखी विषय तिथेच संपला.

मग आतोबा ठिणगीकडे वळले. “काठ्या हलवण्याआधी सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?”

“नसतं ऐकलं. ते माझं चुकलं. पण मामांना तरी सांगायचं. आज दोन्ही घरटी रुळाखाली गेली असती.”

“हो,” ठिणगी मान खाली घालून म्हणाली. “ते माझं चुकलं.”

“झालं तर. फिटंफाट!” आतोबा हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मोठ्या माणसांना जे दिसलं नाही, ते तुम्हा तिघांना दिसलं. आणि दिसलं त्यासाठी तुम्ही ट्रॅक्टरपुढे उभी राहिलात. मी तुमचा आभारी आहे. मनापासून.”

आतोबांसारखा उंचापुरा माणूस पोरांना ‘आभारी आहे’ म्हणतो, हे भोंग्याने आजवर पाहिले नव्हते. तो म्हणाला, “असू दे, असू दे!” आणि सगळे हसत सुटले.

“पण मामांना घरटी दिसणार कशी?” दुर्बिणीने विचारले आणि तिचे उत्तरही तयारच होते. “दगडच ठेवू या, पण चुना फासून, म्हणजे उंचावरूनही दिसतील. आणि घरट्यापाशी नाही, ट्रॅक्टरच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना चांगले लांब. मामांनी एका दगडापाशी रूळ उचलायचा, पलीकडच्या दगडापाशी टाकायचा. कावळा दगडावर बसला तरी त्याला खाली काही मिळायचं नाही.”

“पोरगी हुशार आहे!” ट्रॅक्टरमामा म्हणाले. “मला कुठे थांबायचं ते कळेल, आणि कावळ्याला कळणार नाही. चुना मी आणतो.”

पाऊस यायच्या आत दगड रंगवून ठेवले आणि कुरण दाबूनही झाले. ट्रॅक्टरमामांनी रूळ उचलताना प्रत्येक वेळी टोपीला हात लावला. तो टिटवीला होता की मुलांना, ते काही कळले नाही. लोकरीचा ट्रक आला आणि लोकर घेऊन गेला. हवालदार त्याच्यावर भुंकला आणि पुन्हा गस्तीला लागला. ज्या टिटव्यांची अंडी गेली होती, त्यांनीही कुरणाच्या वरच्या कडेला नवे खळगे उकरले. त्यांच्याजवळ कुणी काठी रोवली नाही.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आत्याही मुलांबरोबर वर आली. गवतातून कापसाचे गोळे पळावेत तशी पिल्ले लांब लांब पायांवर पळत होती. मुले भिंत ओलांडून आत पाऊल टाकतात न टाकतात, तोच “टिटीव! टिटीव!” करत टिटवी त्यांच्या डोक्यावर झेपावली. भोंगा मटकन खाली बसला.

“अगं बाई, आम्ही तुझ्या बाजूचे आहोत! तुझ्यासाठी ट्रॅक्टर अडवला मी!”

टिटवीने त्याच्यावर आणखी एक झेप घेतली.

“ओरडू दे रे तिला,” आत्या हसून म्हणाली. “राखायला काही उरलंय, म्हणून ओरडतेय ती.”

ठिणगी हलली नाही. हवालदाराच्या पाठीवर हात ठेवून, मान खाली घालून, तिने तो सगळा ओरडा खाल्ला. इतका गोड ओरडा तिने आजवर कुणाचाच खाल्ला नव्हता.